मिस्टर लोगनचा ‘डाउट’

टाकी जमिनीपासून वीतभर उचललेली होती आणि मला काही केल्या चैन पडत नव्हतं.

आखातातल्या सलमाबादच्या आमच्या वर्कशॉपमध्ये क्रेनने काही उचलायचं तर आधी परमिटवर सेफ्टी इंजिनियरची सही लागते. ती सही माझी. टाकी नुकतीच रंगवलेली, गुळगुळीत. तिच्या पोटाखालून दोन रुंद पट्टे घेतलेले. त्यांना आम्ही स्लिंग म्हणतो. आधी थोडं उचलायचं, थांबून बघायचं, मगच वर न्यायचं.

क्लायंटचे इन्स्पेक्टर मिस्टर लोगन स्कॉटलंडचे. साठीच्या पुढचे, मोजकं बोलणारे. सकाळी पट्टे बघून ते मला म्हणाले होते, “आय डाउट दॅट स्लिंग विल स्लिप.” वसईच्या शाळेत मी जे इंग्रजी शिकले, त्यात याचा अर्थ सरळ होता. पट्टा घसरेल असं मला वाटत नाही. मी परमिटवर लिहिलं, क्लायंटची हरकत नाही. सही केली.

मग हा माणूस इतका लांब का उभा आहे? पट्ट्यावरून नजर का काढत नाही? जाऊन विचारावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा मी घड्याळ बघितलं. बाहेर ट्रेलर खोळंबला होता.

पट्टे बांधणारा आमचा रिगर बशीर दोरी धरून टाकीजवळ उभा होता. “मॅडम, और ऊपर? यल्ला, चलें?”

मी मान हलवली.

मागचा पट्टा सरकला. टाकी तिरकी झाली आणि तिचं एक टोक खालच्या लाकडी ओंडक्यांवर दाणकन आदळलं. बशीरने मागे उडी मारली, तो पडला. त्याच्या बुटापासून टाकी हातभर लांब होती.

“घसरेल म्हणून सांगितलं होतं मी!” लोगन धावत आले.

“तुम्ही तर म्हणालात, डाउट आहे!”

“डाउट होता म्हणूनच सांगितलं ना!”

दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नव्हतं.

अपघात थोडक्यात टळला तरी त्याचा रिपोर्ट द्यावा लागतो. आमचे मॅनेजर मेनन म्हणाले, “रिगरची चूक लिहा. पट्टे त्याने बांधले.”

“ड्रॉइंगमध्ये होते तसेच बांधले, सर.”

“मग तुमची लिहू?”

बशीरचा व्हिसा त्याच महिन्यात रिन्यू व्हायचा होता. दोन दिवस मी रिपोर्ट उघडायचे, एक ओळ लिहायचे, पुसायचे. घरी जेवणावरून मध्येच उठायचे. बशीर समोर आला की सलाम करायचा, काही विचारायचा नाही. तेच जास्त लागायचं.

तिसऱ्या दिवशी लोगन केबिनमध्ये आले. फोनवर एका जाड शब्दकोशाच्या पानाचा फोटो होता. त्यांच्या रिटायर्ड शिक्षिका बहिणीने पाठवलेला.

“जुन्या स्कॉट्स भाषेत डाउट म्हणजे भिणंसुद्धा,” ते म्हणाले. “राजाला डाउट करायचं म्हणजे त्याला भिऊन असायचं. पुढे भीती पातळ झाली. काहीतरी वाईट होणार असं वाटणं, एवढंच उरलं. आमच्या घरी आजही तसंच बोलतात. मला वाटलं, सगळेच तसं बोलतात.”

मी म्हटलं, “आम्ही मराठीत म्हणतो, पट्टा घसरेल अशी मला शंका आहे. म्हणजे घसरेल असंच वाटतंय.”

लोगन पहिल्यांदाच हसले. “मग माझं मराठीत का नाही ऐकलंत?”

मी रिपोर्ट लिहिला. कारण: इशाऱ्याचा अर्थ उलटा घेतला, मन खात असूनही न विचारता सही केली. खाली माझं नाव. त्याखाली लोगननी आपलं घातलं. सोबत शब्दकोशाचं पान जोडलं.

मेनन म्हणाले, “हेड ऑफिसला डिक्शनरी पाठवू?”

“पाठवा, सर.”

बशीरचा व्हिसा रिन्यू झाला. मला वॉर्निंग लेटर मिळालं, आणि ते योग्यच होतं.

आता सही करण्याआधी मी प्रत्येकाला एकच विचारते, उचलू की नको? उत्तर एका शब्दात घेते. कोणी पूर्ण वाक्य बोलायला लागलं, तर पेन खाली ठेवते.