पदर घेत नाही

"छाती कापून आली, तं लाजही दवाखान्यातच ठेवून आली काय वं?"

मालकीण बोलली. भर पंगतीत. गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या घरी पाहुणे जेवून राहिले होते, मी वाढून राहिली होती. डाव्या हातात भाताचं भरलं पातेलं, गंज. डोक्यावरचा पदर घसरला, अन् उजवा हात खांद्याच्या वर जाईना. त्या घरात कामवालीनं पुरुषांसमोर उघड्या डोक्यानं फिरायचं नाही. पाहुणे हसले. मी गंज खाली ठेवला, डाव्या हातानं पदर ओढला, अन् पुन्हा वाढलं. वाढलं, याचीच आता चीड येते.

"डोक्यावर पदर राहत असन तरच कामावर ये," ती म्हणाली.

कॅन्सर उजवीकडं होता. ऑपरेशन झाल्यावर दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं होतं, भिंतीवर बोटं चालवत हात रोज थोडा वर ने. घरी आली तर सासू म्हणे, टाके उसवतील. तिनं मायेनंच लुगड्याच्या चिंधीनं हात पोटाशी बांधून टाकला. टाके वाळले, अन् खांदा लाकूड झाला. वेणी घालता येईना. पोलक्यात हात घालता येईना.

पंगतीनंतर मी भिंतीच्या मागंच लागली. बोटं वर सरकवली का काखेत दोरी ताणल्यावाणी कळ यायची. खाली बसून रडायची, पुन्हा उभी राहायची. देवाला म्हणायची, हात दे नाहीतर मरण दे. काम गेलं तर खायचं काय?

एक दिवस हात डोक्यावर टेकला. सासू हरखली. "बरं झालं वं माय. आता पदर घेता येते. ठेवून घेईन मालकीण."

एवढी कळ मी कायले काढून राहिली होती? डोकं झाकाले? वेणी घालाले मिळन, हे एकदाही मनात आलं नव्हतं. माझी मलेच किळस आली.

तशीच मालकिणीकडं गेली. उघड्या डोक्यानं.

"हात बरा झाला ना? मंग पदर काऊन नाही?"

"हात जाते वर. पदर नाही घेत."

"निघ मंग."

निघाली. दुसरं काम मिळालं नाही. सासू बोलत नाही. काख अजून ठणकते. दुखणं उलटन का, कोणी सांगत नाही. भेव वाटते, खोटं कायले बोलू?

भिंतीपुढं रोज उभी राहते. हात माझा आहे, मले पुरा पाहिजे. उपाशी मरीन, नाहीतर या रोगानं मरीन. डोकं झाकून कोणाच्या पंगतीत वाढणार नाही.