चारशे दहा गणपतींचं विसर्जन

वाटूर फाट्यावर बेबीनंदाचं टायपिंगचं दुकान होतं आणि त्या दुकानात घाई करणारं गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे मी. मी जवळच्या शाळेत गणित शिकवायचो. चाचणीचे पेपर टाइप करून घ्यायला जायचो आणि दर वेळी कुणाच्या तरी लग्नाच्या मागं रांगेत बसायचो. "सर, चाचणी पुढच्या महिन्यात पुन्हा येईल. लग्न एकदाच असतंय," असं म्हणून ती माझ्याकडं स्टूल सरकवायची. मी चिडायचो आणि बसायचो.

बेबीनंदा दहावी झालेली, नवरा एसटीत कंडक्टर. जालन्याहून तिनं एक वापरलेला संगणक आणला, त्याच्या जोडीला प्रिंटर आणि स्कॅनर. आधी अर्ज टाइप करायची, मग लग्नपत्रिका करायला लागली आणि चार वर्षांत आसपासच्या तीस-चाळीस गावांची लग्नं तिच्या हातावरून गेली. तिच्या पत्रिकेत नाव सुटत नसे. आमच्याकडं पत्रिकेत नाव सुटलेला पाहुणा लग्नाला येत नाही, आणि आलाच तर जेवत नाही. त्यामुळं बेबीनंदाला मान होता, आणि तो तिला आवडायचा.

तिच्या दोन रीती होत्या. एक म्हणजे झालेल्या लग्नाची पत्रिका संगणकातून पुसायची नाही. दुसरी अशी, की नवी पत्रिका करायला घेतली की ती हात धुवायची, पदरानं स्कॅनरची काच पुसायची, झाकणाला कुंकवाचं बोट लावायची आणि गणपतीचं तेच चित्र नव्यानं स्कॅन करायची. मी एकदा म्हणालो, "अहो, हा गणपती आत आहेच की. तोच घ्या." मी तिला कुणाच्या उष्ट्या ताटात जेवायला सांगितल्यासारखं तिनं माझ्याकडं पाहिलं.

"दुसऱ्याच्या लग्नातला गणपती यांच्या लग्नात कसा चालंल? ज्याचा त्यानं बोलवावा लागतो, सर."

मी पेपर उचलले आणि निघालो. तेव्हा बोललो असतो तर पुढचा घोळ टळला असता, पण मग मी हे लिहीत बसलो नसतो.

२००३ सालचा फेब्रुवारी होता. मी पहिल्या तासाला सुट्टी टाकून सकाळी नऊला दुकानात गेलो, तर माझ्या आधी साखराबाई बसलेली. आष्टीकडच्या एका वस्तीवरची ही मेंढपाळाची बाई. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. मेंढरांमागं हिंडून तिनं एकटीनं मुलगी वाढवली होती आणि आता त्या उषाचं लग्न होतं. मोठे दीर आबाराव म्हणत होते, निमंत्रक म्हणून माझं नाव घाला, विधवेचं नाव घालायची आपल्यात रीत नाही. साखराबाई म्हणत होती, पोर माझी, आवतन माझं. दोन महिने हे चाललं होतं. शेवटी आदल्या दिवशी पाच माणसांसमोर आबारावांनी मान डोलावली, आणि त्यांचं मन फिरायच्या आत साखराबाईनं वाटूर गाठलं होतं.

हातात कागदाचा चिठोरा नाही. सत्त्याऐंशी नावं ती तोंडानं सांगत होती आणि कोण कुणाच्या आधी येतो तेही. बेबीनंदा टाइप करत होती, मी घड्याळ बघत होतो. शेवटी ओळ आली, "निमंत्रक : श्रीमती साखराबाई." ती पडद्यावर उमटली तेव्हा खरं सांगतो, मलाही बरं वाटलं.

अकराला वीस मिनिटं कमी होती. बेबीनंदानं पत्रिका साठवायला बटण दाबलं आणि पडद्यावर पाटी आली. डिस्कमध्ये जागा नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा पाटी. छापून बघितलं, तर छापायलाही थोडी जागा लागतेच. फ्लॉपीची खाच दिवाळीपासून बंद होती, आणि वीज गेल्यावर संगणक चालवणारी बॅटरी त्याच्याही आधी गेलेली. रोजच्या नेमानं अकराला वीज जाणार होती, ती थेट पाचला येणार. वीज गेली की पडद्यावरचं सगळं जाणार.

"नावं पुन्हा सांगता येतील की," मी म्हणालो.

"नावाचं न्हाई गुरुजी," साखराबाई म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला होता. "भावजी दुपारी इथं येऊन राह्यलेत. पत्रिका झाली म्हणलं की त्यांचं तोंड बंद. न्हाई झाली तं म्हणतील, पुन्हा लिव्हायचंच हाय तं मंग माझं नाव लिव्हा."

आता मला घाई करायला खरं कारण मिळालं. खुर्चीत मी बसलो. उन्हाळी सुट्टीत पंधरा दिवसांचं संगणक प्रशिक्षण घेतलेलं, त्याचा रुबाब दाखवायची ही पहिलीच संधी. "जुनी लग्नं पुसू," मी म्हणालो.

"बिलकुल न्हाई," बेबीनंदानं संगणकाच्या उंदरावरचा माझा हात उचलून बाजूला ठेवला. "लोकांचे संसार हायेत ते."

मग मी आकाराप्रमाणं यादी लावली आणि कपाळावर हात मारला. पत्रिका चिमुकल्या होत्या. जागा खाल्ली होती गणपतींनी. प्रत्येक लग्नाच्या फोल्डरात एक गणपती, एकेक आठ एमबीचा, आजचा धरून चारशे अकरा. चार जीबीच्या डिस्कमध्ये दुसऱ्या कशाला जागाच उरली नव्हती. एक ठेवला तरी सगळ्या पत्रिकांत तोच बसवता येतो, हे मी तिला समजावलं. पण गणपती पुसायचा म्हटल्यावर ती लग्नं पुसण्यापेक्षाही जास्त घाबरली.

"हे पाप मी डोक्यावर घेणार न्हाई, सर."

दहा मिनिटं उरली होती. माझा आवाज चढला. तेवढ्यात साखराबाई शांतपणे म्हणाली, "माय, लग्नं झाले ना त्यायचे?"

"झाले."

"मंग गणपती कामून ठिवून घेतले? काम झालं की पोचवायचे असतेत. तू चारशे देव बसवले आन् एकबी पोचवला न्हाई. त्यायला बी घरी जायचं असंल."

बेबीनंदा उठली, उदबत्ती लावली, पडद्याला ओवाळली आणि आरतीच्या दोन ओळी भरभर म्हणाली. साखराबाईनं टाळ्या वाजवल्या. मी शिक्षक माणूस, पण मीही वाजवल्या. आजचा गणपती सोडून मी बाकीचे सगळे निवडले.

"कुठं जातेत हे?" बेबीनंदानं विचारलं.

"आधी कचरापेटीत," मी बोलून गेलो आणि जीभ चावली. तिनं पुन्हा माझा हात धरला. सुदैवानं आठवलं की शिफ्टचं बटण धरून पुसलं तर कचरापेटी लागतच नाही, आणि जागाही लगेच मोकळी होते.

"म्हंजे थेट पाण्यात?"

"थेट पाण्यात."

"मंग मी सोडते," ती म्हणाली आणि बटणं तिनं स्वतः दाबली.

हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. साखराबाई पुढच्या वर्षी लवकर या म्हणत होती, मी देवाला जल्दी जा म्हणत होतो. पट्टी संपली तेव्हा अकराला दोन मिनिटं होती. बेबीनंदानं साठवायचं बटण दाबलं. पाटी आली नाही. पत्रिका झाली. थोड्याच वेळात पंखा थांबला, आणि आम्ही तिघंही असे हसत सुटलो की शेजारचा चहावाला बघायला आला.

दुपारी आबाराव येऊन गेले म्हणे. पत्रिका झाली हे ऐकून चहा पिऊन परत गेले. तेव्हापासून बेबीनंदा दर अनंत चतुर्दशीला संगणकातले गणपती पोचवते. दर पत्रिकेला नवा बोलवायचं मात्र तिनं सोडलं नाही.

शाळा सुटल्यावर मी पाचला पुन्हा गेलो. वीज आली होती, जालन्याच्या प्रेसला पाठवायचा कागद प्रिंटरमधून बाहेर पडला. साखराबाईला वाचता येत नव्हतं. बेबीनंदानं तिचं बोट धरून निमंत्रकाच्या ओळीवर टेकवलं. मग साखराबाई उठली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि पडद्यावरच्या गणपतीसमोर उभी राहिली. पहिलं आवतन देवाचं असतं. आजवर त्यांच्या घरात ते आबाराव देत आले होते. तिनं घसा खाकरला आणि चारचौघांत बोलावं तसं स्पष्ट म्हणाली,

"देवा, माझ्या उषाचं लग्न हाय. मी साखराबाई बोलावून राह्यले. या."