पाव्हण्यांना दाखवलेले मासे

मंडळी, आज मोडनिंबजवळच्या एका शेततळ्यावर जाऊन आले. मी मत्स्यपालनाची सल्लागार. तळ्याचे मालक भीमरावकाका औषध मागत होते, कारण माशांच्या अंगावर जखमा होत्या आणि रोज दोन-चार मरत होते.

पाणी तपासलं तर चांगलं निघालं. मग मी विचारलं, "काका, जाळं कितीदा टाकता?"

"पाव्हणं आलं की टाकतो की! आठवड्यातनं दोन-तीनदा तरी येत्यातच. मासं लई मोटं झाल्यात, दाखवायला नको व्हय?"

दुखणं तिथंच सापडलं. जाळ्यात घाबरलेल्या माशाच्या अंगात कॉर्टिसोल नावाचं हार्मोन वाढतं. ते सारखं वाढलेलं राहिलं, तर रोगाशी लढायची ताकद घटते आणि साधा जंतूही भारी पडतो. मी ठणकावून सांगितलं, "आधी महिनाभर जाळं बंद. औषधाचं मग बघू."

काका हिरमुसले. तेवढ्यात काकू त्यांना म्हणाल्या, "आपल्या लेकीला, सुमनलाबी वरीसभर बघायला येणाऱ्या पाव्हण्यांपुढं बसवताय. ती सारकी का आजारी पडतीय, कळलं का आता?"

काकांनी जाळं गुंडाळलं.

मासे सुधारतील, माझी खात्री आहे. पण सुमनला अजून किती पाव्हण्यांपुढं बसायचंय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तुम्ही विचारलं असतं?