जर्मन शिपायाची रजा

सौदीतल्या जुबैलमध्ये एक होती सासू, म्हणजे मी. एक होता माझा मुलगा विनू, एक त्याची पोटुशी बायको मेधा, आणि एक श्रीवर्धनचा दाऊद, विनूच्या हाताखाली कारखान्यात पाइप जोडणारा. कुवेतची लढाई लागली, बिल्डिंगमधली बिऱ्हाडं एकेक करून निघून गेली, आम्ही चौघं उरलो. माणसं कमी झाली की गोष्टी वाढतात. तेवढ्या महिन्यांत माझ्याकडे जन्माला पुरतील एवढ्या साठल्या.

*

दाऊद लग्नानंतर दीड महिन्यात सौदीला परतला होता. मुलगी मागाहून झाली, चालायलाही लागली. त्याने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. रजा मंजूर झाली आणि लढाई आली. कंपनीने सगळ्यांच्या रजा बंद केल्या, पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद. तिथला मिसरी, म्हणजे इजिप्तचा, बाबू रोज एकच सांगायचा, "बुकरा." म्हणजे उद्या.

दाऊद मला म्हणाला, "काकी, ह्याच्या कॅलेंडरात आज छापलेलाच नाही."

*

वरच्या मजल्यावरचे जर्मन जाताना एक खोकं देऊन गेले. आत डब्यातला कोबी आणि एक व्हिडिओ कॅसेट. काळापांढरा सिनेमा. त्यांच्या जुन्या लढाईतले तीन शिपाई रजेवर घरी येतात आणि घरोघरी घोळ घालतात. बोलणं सगळं जर्मन.

विनू-मेधाला इंग्रजी येतं, दाऊदला हिंदी, अरबी. मला मराठीच, म्हणून चारचौघांत मी गप्प. पण ह्या सिनेमापुढे सगळेच अडाणी!

दाऊदने विचारलं, "ती दारातली बाई काय म्हणाली?"

"म्हणाली, आधी पायांवर पाणी घे."

झालं. तेव्हापासून सिनेमा मी सांगायचा. दर शुक्रवारी लागायचा.

"काकी, मागच्या वेळी ती असं नव्हती म्हणाली."

"तेव्हा ती रागावली होती."

आता नातू सांगतो, आजी, ते शिपाई वाईट लोकांच्या बाजूचे होते. असतील. आम्हाला त्यांची रजा तेवढी दिसायची.

*

एकदा दिवेलागणीला हल्ल्याचा भोंगा वाजला. भोंगा झाला की खिडक्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या खोलीत विषारी वायूसाठीचा मास्क घालून बसायचं. आम्ही तिघं पळालो. दाऊद हलेना.

"तो जाडा शिपाई घरात शिरू दे, मग येतो."

विनू त्याच्या नावाने ओरडला आणि शेवटी टीव्हीच उचलून आत घेऊन आला. मास्क घालून हसलं की काचेवर वाफ धरते. मेधा पोट सांभाळत म्हणाली, "आई, हसवू नका, मला काही दिसत नाहीये."

*

दाऊद बाबूकडे जाऊन भांडला. "जर्मनांनी ऐन लढाईत शिपायांना घरी सोडलं. मी तर पाइप जोडतो."

बाबू म्हणाला, "ती कॅसेट आण."

आठ दिवस ठेवून घेतली. परत देताना डोळे सुजलेले. तोही तीन वर्षं घरी गेला नव्हता.

"मग माझ्या रजेचं?"

"बुकरा."

*

एका दुपारी पुरुष कामावर, मेधा झोपलेली. मी एकटीनेच कॅसेट लावली. ती बाई दारात आली, बोलली. विचारणारं कुणी नव्हतं, तर मला तिचं एक अक्षर कळेना. बंद केली आणि तांदूळ निवडायला घेतले. सकाळीच निवडलेले होते.

*

लढाई संपली. मेधा सुखरूप बाळंत झाली. एक दिवस बाबूने दाऊदच्या हातात पासपोर्ट ठेवला, "यल्ला," म्हणजे नीघ आता, म्हणाला आणि तोंड फिरवलं.

मला गावी पोचवायचं दाऊदनेच अंगावर घेतलं. वाटेत त्याचं घर आधी लागलं. दारात त्याची बायको झुलेखा, तिच्या पदराआड लेक आमिना. नवराबायकोला लिहिता येत नव्हतं, म्हणून दाऊद बोललेलं टेप करून पाठवायचा. आमिना रोज ते ऐकायची. टेपरेकॉर्डर स्वतःच दाबून सुरू करायची, स्वतःच दाबून बंद.

दाऊद उंबऱ्याशी बसला आणि बोलत सुटला. आमिना, अब्बा आलाय, विमानातून आलाय, तुझ्यासाठी फ्रॉक आणलाय, बाहुली आणलीय.

आवाज ऐकून ती बाहेर आली. त्याच्याभोवती एक फेरी मारली, पाठीमागे वाकून पाहिलं. मग पुढे येऊन त्याच्या छातीवर बोट ठेवून जोरात दाबलं.

दाऊद गप्प झाला.

ती जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. पुन्हा दाबलं.

दाऊद पहिल्यापासून बोलू लागला.