सासूबाईंचा बुटका रांजण

नव्याला जुनं करण्यात प्यो ग्योंग-एचा हात धरणारं कुणी नव्हतं. भिंतीच्या कोऱ्या कागदाला चहाचं पाणी पाजायचं, चौकटी पॉलिश पेपरने घासायच्या, दाराच्या मुठीवर चार पिढ्यांचा मळ चढवायचा आणि शूटिंग संपलं की सगळं पाडताना बघत उभं राहायचं. सोलमध्ये कलादिग्दर्शनाच्या याच कामात तिचे केस पिकले. कंबर गेली, झोप गेली. सणाला दाम्यांगला सासरी जायचं म्हटलं की नेमकं शूटिंग निघायचं. ते तिने फोनवर इतक्यांदा सांगितलं होतं की सासूबाई पुढेपुढे ‘हॅलो’ऐवजी "आता कसलं शूटिंग आहे?" असंच विचारायच्या.

त्या वसंतात दिग्दर्शकाला सेटच्या अंगणात खरे रांजण हवे होते. सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होत्या. त्यांच्या परसात रांजणांच्या रांगाच होत्या. ग्योंग-एने त्यांनाच विचारलं.

"रिकामे ने हवे तेवढे," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यातल्या बुटक्याला मात्र हात लावू नकोस."

बुटक्यात घराचा मूळ सोया सॉस होता. सासूबाईंच्या सासूपासून चालत आलेला. दरवर्षी नवा केला की त्यात ओतायचा, आपण विरजण जपतो तसा. सासू थकली की तो थोरल्या सुनेकडे जायचा. थोरली सून म्हणजे ग्योंग-ए.

टेम्पो भरताना दिग्दर्शक फोनवर भिंतीचा रंग बदलायला सांगत होता. "मागची रांग सगळी उचला," ती मान न वळवता माणसांना म्हणाली. सेटवर पोचल्यावर सामान सांभाळणाऱ्या कूने रांगेबरोबर आलेल्या बुटक्याचं झाकण काढलं. तळाशी वीतभर काळं पाणी, वर, मुरलेल्या सॉसवर येतो तसा, पांढरा तवंग. त्याने ते गटारात ओतलं आणि रांजण साबणाने घासून लख्ख केला.

"सडलं होतं, मॅडम. उपकार माना माझे," तो म्हणाला.

रागवायलाही अंगात जोर लागतो. आणि चूक तिचीच होती.

मग तिने आयुष्यभर केलं तेच केलं. रांजण कढत पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन उन्हात ठेवला. बाजारातला सगळ्यात मुरलेला सॉस आणला, त्यात समुद्राचं मीठ, कोळशाचा तुकडा, वाळकी मिरची टाकली. चाखायचं, थुंकायचं, पुन्हा चाखायचं. रंग जमला, दाटपणा जमला, चव जवळपास जमली. नवऱ्याने एक थेंब जिभेवर ठेवला.

"आई पकडणार," तो म्हणाला.

सासूबाई घरी आल्या तेव्हा ती रांजण घेऊन दाम्यांगला गेली. त्यांनी ओट्यावर बसून झाकण काढलं, बोट बुडवलं, तोंडात घातलं. ग्योंग-ए शिव्या खायच्या तयारीने आली होती. खरं तर तिला त्या हव्याच होत्या. निदान एका माणसाला तरी खरं-खोटं कळायला हवं होतं.

"तेच," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सासूच्या हातचं."

औषधांनी जिभेची चव गेली की वयाने, कोण जाणे.

"आता घेऊन जा हा. मला वाकवत नाही. तुझ्या गॅलरीत ऊन येतं ना?"

"आई, हा सॉस तो नाही. तो माझ्या चुकीने गटारात गेला. हा बाजारातला आणून मी बनवलाय."

सासूबाई ओल्या फडक्याने रांजण पुसू लागल्या.

"इतकी वर्षं शूटिंग होतं, आता हे काढलंस. नको असेल तर सरळ नको म्हण, सूनबाई. एवढ्या गोष्टी कशाला रचतेस?"

"खरंच सांगतेय, आई."

"हो, खरं. दर वेळी खरंच असायचं."

ग्योंग-एने सगळं पुन्हा सांगितलं. फोन, टेम्पो, कू, साबण. आयुष्यात इतकं खरं ती सासरी कधी बोलली नव्हती. सासूबाई पुसतच राहिल्या.

"ऊन असलं की झाकण काढायचं," त्या म्हणाल्या. "पाऊस आला की हातातलं काम टाकून झाकायचं. आणि तुझी सून आली की तिच्या हातात द्यायचा."

"बरं, आई," ग्योंग-ए म्हणाली, आणि रांजण कवेत घेऊन उठली.