टायपिंगचे सर कॉम्प्युटर शिकले

टायपिंगचे सर वर्गाकडे पाठ करून बसत. शिरूरच्या एसटी स्टँडजवळ कापडाच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचा क्लास होता. बारा मशिनं एकदम खडखडत असायची आणि सर खिडकीतून रस्ता बघत असायचे. पण कुणाचं बोट चुकलं, की मान न वळवता म्हणायचे, "तिसऱ्या मशिनवर करंगळी झोपलीय." त्यांचा अंदाज कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

मी कोरेगाव भीमाहून यायची. पहिले पंधरा दिवस सरांनी माझ्या हातांवर रुमाल टाकला होता. अक्षरं बघायची नाहीत, बोटांना आपोआप सापडली पाहिजेत, हा त्यांचा एकच नियम. आणि एक चूक झाली तरी अख्खं पान पुन्हा.

परीक्षा पास झाल्यावर मी पुण्याला मामाकडे राहून कॉम्प्युटर शिकले. परत आले तोवर शिरूरमध्ये कॉम्प्युटरचे दोन क्लास निघाले होते आणि सरांकडे सकाळच्या बॅचला चार मुली उरल्या होत्या. सर मूळचे खुटबावचे. क्लास बंद करून गावी शेती बघा, असं घरचे म्हणत होते. सरांनी उलटंच केलं. चार मशिनं काढून टाकली, एक कॉम्प्युटर आणला आणि शिकवायला मला बोलावलं. पहिला विद्यार्थी मीच, म्हणाले.

वही घेऊन ते पुढच्या बाकावर बसू लागले. त्या दिवसापासून मी त्यांची 'बाई' झाले. मला फार अवघडायचं, पण शिकवणाऱ्याला अरेतुरे करत नाहीत, यावर ते ठाम. माउस मात्र त्यांना जमेना. बाण पडद्याच्या कडेला पळायचा आणि छप्पन्न वर्षांचे सर मुलींदेखत घाम पुसायचे. आठव्या दिवशी ते नुसतेच बसून राहिले. एरवी पुस्तकी बोलणारे सर हळू आवाजात म्हणाले, "बाई, तीस वर्षं शिकवलं, ते आता कुणाच्या उपेगाचं न्हाई, आसं वाटतंय."

मी त्यांना अजून मराठी दाखवलंच नव्हतं. कॉम्प्युटरवरच्या मराठी फॉन्टमध्ये अक्षरांच्या जागा मराठी मशिनसारख्याच होत्या. कीबोर्डवर छापलेली अक्षरं इंग्रजी होती, तिकडे बघू नका, एवढंच मी सांगितलं. सरांनी बोटं ठेवली. एक ओळ आली, दुसरी आली, बघता बघता पान भरलं. एकही चूक नव्हती.

"हितं तर समदं आपलंच हाय की," ते म्हणाले आणि चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत राहिले.

मग नियम ठरला: आधी अर्धा तास मशिन, नंतर कॉम्प्युटर. एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले, की कॉम्प्युटरला घातलेल्या पोरीला जुन्या मशिनवर का बसवता? सरांनी वाद घातला नाही. तिला कॉम्प्युटरवर वडिलांच्या नावाचा अर्ज टाइप करायला सांगितला. वडिलांशी बोलत बोलत, खाली न बघता तिने तो पुरा केला. वडील तो छापलेला कागद घडी घालून घेऊन गेले. पण कॉम्प्युटरवर चुकलेलं अक्षर तेवढंच बदलता येतं, हे कळल्यावर सर मला म्हणाले होते, की इतकी वर्षं पोरींना उगाच अख्खं पान करायला लावलं. मशिनवरची ती शिक्षा त्यांनी त्याच आठवड्यात बंद केली.

कॉम्प्युटरच्या परीक्षेला सर आपल्याच विद्यार्थिनींबरोबर बसले. चौथे आले आणि पहिल्या तिघींना पेढे दिले.

साठी झाल्यावर क्लास माझ्याकडे सोपवून ते खुटबावला गेले. मशिनं ठेवायची का काढायची, हे मी विचारलं, तर म्हणाले, ते आता तुम्ही ठरवायचं.

सर वारले त्याच्या आदल्या वर्षी एकदा क्लासवर आले. तोवर खोलीभर कॉम्प्युटर झाले होते आणि कोपऱ्यात दोनच मशिनं होती. मला धाकधूक वाटत होती. एका मशिनवर नवी मुलगी बसली होती. तिचं अर्ध्या तासाचं काम संपेपर्यंत सर तिथेच उभे राहिले. मग चहा घेतला, निघाले आणि जिन्यात थांबून म्हणाले, "दोन बास हायेत, बाई."