धाकट्याच्या नावावर चढलेला बोजा

आमच्या घरात हात आधी उठतो, तोंड मागाहून उघडतं. मीही त्याच रक्ताची. कॉलेजात असताना मेसवाल्याच्या अंगावर मी वरणाचं पातेलं भिरकावलं होतं आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे आहे त्यात मारामारी आहे आणि ती करणारे माझे सख्खे भाऊ आहेत. परक्यांबद्दल लिहिताना मी सभ्य होऊ शकते, घरच्यांबद्दल लिहिताना जमत नाही.

दोन भाऊ, मधली मी. थोरल्या दादाचे लातूरला क्लासेस. धाकट्याचं अर्धापूरजवळ केळी पिकवायचं केंद्र, जागा मात्र कागदावर दादाची. चार थंड खोल्या, त्यात हिरवे घड ठेवायचे आणि पिवळे करून बाहेर काढायचे. तिसरं अहमदपूरचं बियाण्याचं दुकान, ते आबांचं, आमच्या वडिलांचं, म्हणजे सामाईक. या तिन्हींचं कॉम्प्युटरचं काम मी नांदेडला एका खोलीत बसून बघायचे. क्लासच्या ऑनलाइन परीक्षा, केळीच्या खोल्यांचं तापमान, दुकानाचा हिशेब, सगळं क्लाउडवर. क्लाउड म्हणजे दूर कुठल्यातरी कंपनीचे सर्व्हर, आपण भाड्यानं घेतलेले. महिना संपला की त्या सगळ्याचं मिळून एकच बिल यायचं.

एक बिल आणि दोन भाऊ. सामाईक विहिरीच्या मोटारीचं लाइट बिल कुणी भरायचं, यावरून आमच्या गावात डोकी फुटली आहेत. तीच गत आमची होणार हे मला दिसत होतं. सुरुवातीला दादा म्हणाला म्हणून बिल निम्मंनिम्म होत होतं. मग एका दिवाळीत जेवता जेवता धाकटा बोलला, "माझ्या खोल्यात नुसतं टेम्परेचर मोजतंय. दादाची पोरं तिकडं ढिगानं परीक्षा देऊन राहिलीत. मग निम्मं कशाचं?" दादानं हातातला तांब्या फेकला. तो धाकट्याच्या कानाजवळून गेला आणि भिंतीचा पोपडा घेऊन खाली पडला. वहिनींनी फरशी पुसली आणि आम्ही जेवण संपवलं.

दुसऱ्या दिवशी आबांनी मला सांगितलं, "वाटणीचे नियम तू बनव. तू हक्कसोड करून दिलंयस. तुला कुणाची बाजू घ्यायची गरज न्हाई." लग्नानंतर मी जमिनीतला वाटा भावांसाठी सोडल्याचं लिहून दिलं होतं. तेव्हा माझ्या मनात काय होतं ते कुणी विचारलं नव्हतं. आता त्याच कागदामुळं मी पंच झाले, याची मला चीडच आली. पण काम माझ्या हातचं होतं आणि ते मला चोख करायचं होतं.

नियम सोपे ठेवले. भाड्यानं घेतलेल्या प्रत्येक सर्व्हरवर एक लेबल लावायचं, तो कुणाचा ते सांगणारं. ज्याचं लेबल, त्याच्या धंद्यावर खर्च. जे सगळ्यांच्या कामाचं, ते ज्याचा वापर जास्त त्याच्यावर जास्त. दोघा भावांनी मान हलवली. तेव्हा दादानं एक पुस्ती जोडली, "जो धंदा आपला भार आपण उचलणार न्हाई, तो मार्चला बंद. मग धाकट्यानं लातूरला यायचं, होस्टेल सांभाळायचं." आबा काही बोलले नाहीत, म्हणजे आमच्याकडं ते मान्य झालं.

धाकट्यासाठी ते होस्टेल म्हणजे काय होतं, ते मला त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं. "अक्का, आयुष्यभर मी दादाचे उतरलेले शर्ट घातलेत. या खोल्या तेवढ्या माझ्या हायेत. त्या गेल्या तर मी विहीर जवळ करीन." तो हसत बोलला, पण आमच्याकडं विहिरीचं नाव कुणी हसण्यावारी नेत नाही. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि घरी येऊन रडले.

नियम लागू झाले आणि पहिल्याच महिन्यात केळीचा खर्च क्लासपेक्षा जास्त निघाला. पुढच्या महिन्यात आणखी वाढला. मी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. बेरजा बरोबर, लेबलं जागच्या जागी. दादाला आयतं कोलीत मिळालं. दर महिन्याला तो अर्धापूरला यायचा आणि हमालांसमोर धाकट्याला फाडून खायचा. एकदा त्यानं केळीचा एक घडच उचलून त्याच्या तोंडावर हाणला. "पिकव आता! एवढा खर्च करून काय पिकवतोस, सोनं?" धाकट्याचा ओठ फाटला. त्यानं उलट हात उचलला नाही, याचंच मला जास्त भय वाटलं. तो त्या दिवसांत जेवायचा नाही, दाढी करायचा नाही, आणि फोनवर माझ्याशी एका शब्दात बोलायचा. माझ्याच नियमांनी त्याचा गळा आवळला जातोय हे मला कळत होतं, आणि चूक काही सापडत नव्हती.

मग मी महिन्याचा हिशेब सोडून रोजचा खर्च बघितला. केळीचा खर्च आठवडाभर मुंगीच्या पावलानं चालायचा आणि रविवारी उसळायचा. दर रविवारी. केळी काय रविवारीच पिकतात? रविवारी लातूरला क्लासची मोठी परीक्षा असायची. मी लातूरच्या ऑफिसात सर्व्हर लावणाऱ्या माणसाला फोन केला. तो बिचारा सरळपणानं म्हणाला, "मॅडम, लेबलं आली तवा दादांच्या नावाचा सर्व्हर पहिल्याच परीक्षेला बंद पडला होता बघा. मग दादा म्हणाले, धाकट्याच्या नावानं लावा, त्याचं नाव लाभतं. तवापासून परीक्षेचे सगळे सर्व्हर त्यांच्याच नावानं हायेत. एकदा बी बंद पडले न्हाईत."

हे ऐकून मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडं बोअर घ्यायचं असो की ट्रॅक्टर, घरात ज्याचं नाव लाभतं त्याच्या नावानं घेतात. धाकटा जन्मला त्या वर्षी विहिरीला पाणी लागलं, म्हणून आमच्या घरचं सगळं नवं त्याच्या नावानं सुरू व्हायचं, आणि वापरायचं दादानं. हाच रिवाज दादानं सर्व्हरपर्यंत नेला होता. त्यात त्याचं कपट नव्हतं, हे मी आजही मानते. कपट नंतर आलं.

मी त्याच दुपारी लातूर गाठलं आणि दादाच्या केबिनमध्ये त्याला सगळं दाखवलं. आधी तो मोठ्यानं हसला. मग त्याच्या लक्षात आलं की तो सगळा खर्च क्लासवर आला तर क्लास तोट्यात दिसतो. त्याचं हसू गेलं. त्यानं उठून दार लावलं.

"क्लासात पैसे घालायच्या आधी पुण्याचा भागीदार हिशेब बघायला येणार हाय," तो म्हणाला. "मार्चपर्यंत असू दे तसंच."

"मार्चला तू त्याच्या खोल्या बंद करणार."

"मग काय झालं? उपाशी ठेवणार हाय का मी त्याला?"

"दादा, मी आजच नियम बदलणार."

त्यानं माझा लॅपटॉप उचलला आणि टेबलाच्या कडेवर आपटला. एकदा नाही, स्क्रीन लोंबायला लागेपर्यंत आपटत राहिला. मग माझं मनगट धरून पिरगाळलं. लहानपणी पिरगाळायचा तसंच, आणि तसाच चेहरा करून. मी त्याच्या हाताला कडकडून चावले. रक्त आलं. बाहेर मुलं भौतिकशास्त्राची उजळणी करत होती आणि मास्तरांचा आवाज माइकवरून येत होता. मी पदर सारखा केला आणि बाहेर पडले.

लॅपटॉप फुटला म्हणून नियम अडत नाहीत. नांदेडला येऊन मी दुसऱ्या मशीनवरून एक नवा नियम सगळ्यात वर टाकला. सर्व्हरवर लेबल कुणाचंही असो, त्यावर परीक्षा चालत असेल तर खर्च क्लासचा. मागच्या सगळ्या महिन्यांना तो लावला. केळीचा खर्च एवढासा उरला. तो हिशेब मी आबांना, दादाला आणि धाकट्याला एकाच वेळी पाठवला. मला वाटलं, आता धाकटा सुटला. मी आनंदानं स्वतःसाठी चहा ठेवला, खोटं का बोलू.

धाकट्याचा फोन आला. म्हणाला, "म्हंजे अक्का, त्यानं माझं तोंड फोडलं ते त्याच्याच खर्चासाठी." आणि फोन ठेवला. मी चहा तसाच टाकून अर्धापूरला निघाले.

मी पोचले तेव्हा दादाची गाडी आधीच उभी होती. हमाल बाहेर बसले होते. आत, पहिल्या खोलीच्या दारात, दोघे एकमेकांच्या उरावर होते. धाकटा दादाचं डोकं क्रेटवर आपटत होता आणि प्रत्येक आपटीला "माझं नाव! माझं नाव!" एवढंच म्हणत होता. इतकी वर्षं गिळलेलं सगळं त्याच्या हातांतून बाहेर पडत होतं. खरं सांगते, मी लगेच मधे पडले नाही. मला बरं वाटत होतं. मग दादानं गुडघा घातला, धाकटा खोलीत उताणा पडला, आणि उठताना त्यानं चौकटीला हात धरला. त्या खोल्यांची दारं जाडजूड, रुळावरून सरकणारी. दादानं ते दार दोन्ही हातांनी ओढलं. धाकटा ओरडला. दादानं ते मागं घेतलं आणि हाताकडं बघून पुन्हा ओढलं. पहिल्यांदा रागात झालं असेल. दुसऱ्यांदा तो बघत होता. मी त्याच्या पाठीवर लोखंडी ट्रॉलीचा दांडा घातला तेव्हा कुठं त्यानं दार सोडलं.

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी उजव्या हाताची दोन बोटं काढली. अशी केस आली की पोलिसाला जबाब घ्यावा लागतो, तसे एक हवालदार आले. त्याच्या आधी बराच वेळ दादा, पाठीला हात लावून वाकलेला, धाकट्याच्या खाटेशी एकटा बसला होता. मला आबांनी औषधं आणायला पाठवलं होतं. परत आले तेव्हा हवालदार विचारत होते.

"दारात सापडला हात," धाकटा म्हणाला. "माझ्याच चुकीनं."

"खोटं आहे," मी म्हणाले. "भावानं दार ओढलं. दोनदा. मी बघितलंय."

हवालदारांनी धाकट्याकडं बघितलं. धाकट्यानं माझ्याकडं बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. "अक्का तिथं नव्हती साहेब," तो म्हणाला. "ती मागाहून आली. तिला काय बी माहीत न्हाई."

मी तोंड उघडलं, पण आबा उठले होते. त्यांनी माझा दंड धरला, दादानं मनगट पिरगाळलेल्या त्याच हाताचा, आणि मला व्हरांड्यात आणलं. दार लावून घेत ते म्हणाले, "थोरल्यानं कबूल केलंय. खोल्या धाकट्याच्या नावावर करून देतोय, कायमच्या. आता तू गप बस."

खोल्या आजही त्याच्याच आहेत. तो डाव्या हातानं घडाच्या फण्या कापायला शिकला, आणि माणसं म्हणतात की अर्धापूरला त्याच्यासारखी केळी कुणी पिकवत नाही. माझा नियम अजून सगळ्यात वर आहे आणि दर महिन्याला तो बरोबर वाटणी करतो. पण खोल्या त्या नियमानं वाचल्या नाहीत. त्या त्यानं दोन बोटं आणि एक खोटं देऊन विकत घेतल्या, आणि त्या सौद्यात खोटी पडले ती मी.